पोस्ट न आलेलं गाव

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा सांगली-कोल्हापुरात घुसल्या, तेव्हा मामा कृष्णाकाठच्या एका तालुक्यात नायब तहसीलदार होते आणि नियंत्रण कक्षाचा फोन त्यांच्या टेबलावर होता. आता ते निवृत्त आहेत. भाची पुण्यात डेटा विश्लेषक आहे. आपत्तीत लोक सोशल मीडियावर जे लिहितात, त्यातून कामाची माहिती निवडून काढणं हा तिचा विषय. प्रत्येक जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात अशी यंत्रणा जूनच्या आधी बसवावी, असं तिचं म्हणणं. मामांना ते मान्य नाही. ही दोन माणसं कल्पित आहेत, त्यांनी एकमेकांना दिलेले जगातले दाखले मात्र घडलेले आहेत.

भाची : मामा, त्या आठवड्यात नियंत्रण कक्षाचा फोन लागत नाही, ही लोकांची पहिली तक्रार होती. त्याच वेळी तीच माणसं मोबाइलवर लिहीत होती. कुठल्या गल्लीत पाणी शिरलं, कोण माडीवर अडकलं, कुठला रस्ता बंद झाला. माहिती होती, लोक आपणहून देत होते आणि ज्या टेबलावर बोट कुठं पाठवायची ते ठरतं, तिथं ती पोचत नव्हती. माझा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

मामा : पोचत नव्हती असं कोण म्हणालं? ढिगानं पोचत होती. एक म्हातारे गृहस्थ माडीवर अडकले होते. आधी त्यांच्या पुण्यातल्या नातवाचा मेसेज आला. मग नातवाच्या मित्राचा. मग तोच मजकूर एका पत्रकाराकडून आणि संध्याकाळी मुंबईहून एका बड्या साहेबांचा फोन, ‘अजून का सोडवलं नाही?’ तोवर म्हातारबुवा शाळेतल्या निवारा केंद्रात जेवून झोपले होते. माणूस अडकला हे तीन दिवस फिरत राहतं गं. सुटला हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

भाची : केरळात हेच झालं. ऑगस्ट २०१८ च्या पुरात स्वयंसेवक प्रोग्रॅमर आणि राज्याचं आयटी मिशन यांनी मिळून ‘केरळ रेस्क्यू’ नावाचं संकेतस्थळ उभं केलं. मदतीची मागणी तिथं नोंदवायची. एकच मागणी अनेकदा यायची, सुटका झालेल्यांच्या नोंदी तशाच राहायच्या. मग मुलामुलींनी एकेक नंबर फिरवून विचारायला सुरुवात केली, ‘अजून अडकलेलेच आहात का?’ नोंद उघडण्याइतकंच ती बंद करणं महत्त्वाचं, हा धडा तिथं मिळाला. सारखे मजकूर ओळखून एकत्र करणं तर यंत्राला अगदी सोपं. तुमचे चार निरोप एकाच ओळीत दिसले असते, पुढं लिहिलेलं असतं, ‘चौघांनी कळवलं’.

मामा : चौघांनी कळवलं म्हणजे काय समजायचं? चार साक्षीदार, की एकच निरोप चार जणांनी पुढं ढकलला? आमचा पोलीस पाटील एकदाच फोन करायचा. पण तो जागेवर उभा असायचा. उद्या चुकीचं निघालं तर त्याला विचारता यायचं. तुझ्या त्या ओळीत जागेवर किती जण होते?

भाची : तेही काढता येतं. मूळ मजकूर कोणाचा, पहिल्यांदा किती वाजता आला, फोटो आधी कुठं येऊन गेलाय का, हे तपासता येतं. शंभर टक्के नाही, पण बरंचसं. आणि पाटलाबद्दल आदर ठेवून सांगते, पाटील एक आणि वाड्या पाच. पाणी पाटलाच्या घरातही शिरलेलं असतं. तुम्ही पाणी मोजायच्या पट्टीवर भिस्त ठेवता. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे पट्टीनं बरोबर सांगितलं. पण कुठल्या गल्लीत छातीएवढं आहे आणि कुठल्या गल्लीत घोट्याएवढं, हे पट्टीला कसं कळणार? ते त्या गल्लीतल्या माणसाला कळतं आणि त्याच्या हातात मोबाइल असतो.

मामा : पट्टीला गल्ली दिसत नाही, बरोबर. पण ती कुणाच्या ओळखीवर चढत-उतरत नाही.

भाची : वेगाचंही ऐका. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतल्या संशोधकांनी एक साधी पद्धत करून पाहिली. ट्विटरवर वेगवेगळ्या भाषांतला ‘भूकंप’ हा शब्द अचानक वाढला की इशारा द्यायचा. पाच महिन्यांत जगभरातले ४८ भूकंप तिनं ओळखले. खोटे इशारे फक्त २. चारपैकी तीन इशारे दोन मिनिटांच्या आत आले. भूकंपमापकांचं जाळं विरळ आहे तिथं हे फार मोलाचं आहे.

मामा : त्या पाच महिन्यांत भूकंप झाले किती?

भाची : संस्थेच्या सूचीत ५ हजारांवर नोंदी आहेत. पण त्यातले बहुतेक इतके लहान की कुणाला जाणवले नाहीत, किंवा समुद्राखाली, किंवा निर्मनुष्य भागात.

मामा : किंवा जिथली माणसं ट्विटरवर नाहीत अशा भागात. ही पद्धत भूकंप मोजत नाही, भूकंपावर बोलणारी माणसं मोजते. भूकंपाच्या बाबतीत ठीक आहे, मागे भूकंपमापक यंत्रं आहेतच. पुरात, दरडीत मागे काय आहे? ३० जुलै २०१४ आठव. आंबेगाव तालुक्यातलं माळीण. सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं गाडली गेली. बाहेर कळलं कसं? एसटीचा चालक गाडी घेऊन आला आणि नेहमीच्या जागी गाव दिसेना. त्यानं खबर दिली. ज्यांच्या अंगावर डोंगर आला त्यांनी पोस्ट कुठून टाकायची? रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, ही म्हण एरवी ठीक. आपत्तीत ज्या लेकराला रडायचंही बळ उरलं नाही, ते आधी बघावं लागतं.

भाची : हा आक्षेप आमच्या क्षेत्रात फार आधीपासून आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ न्यूयॉर्कवर आलं, तेव्हा २ कोटींवर ट्वीट झाले. सर्वांत जास्त मॅनहॅटनमधून. ब्रीझी पॉइंट, कोनी आयलंड, रॉकअवे या जबर फटका बसलेल्या किनारी वस्त्यांमधून फारच थोडे. नुसते ट्वीट मोजून मदत पाठवली असती तर भलतीकडेच गेली असती, हे संशोधक केट क्रॉफर्ड यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. पण गोष्ट तिथं संपत नाही. २०१६ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात त्याच वादळाचा दुसरा अभ्यास आला. त्या संशोधकांनी एकूण ट्वीट न मोजता दरडोई मोजले. जिथं दरडोई नुकसान जास्त, तिथं वादळाबद्दलचे दरडोई ट्वीटही जास्त, असं दिसलं. आकडा कच्चा वापरला तर फसवतो. लोकसंख्येनं भागला की त्याच आकड्यातून अर्थ निघतो.

मामा : त्यांनी नुकसान कशावरून धरलं?

भाची : विम्याचे दावे आणि सरकारी मदतीच्या रकमा.

मामा : म्हणजे ज्याचा विमा होता आणि ज्यानं अर्ज केला, त्याचं. ट्वीट बोलणाऱ्याचे, नुकसानीचा पुरावाही बोलणाऱ्याचाच. दोन्ही आकडे जुळले यात नवल ते काय?

भाची : मग पंचनाम्याचं काय, मामा? ज्याच्या नावावर घराचा उतारा आहे त्याच्या पडक्या भिंतीचा पंचनामा होतो. भाड्यानं राहणारा, पालावर उतरलेला, ऊसतोडीला आलेला, यांची भिंत कुणाच्या कागदावर येते? गप्प माणसं ट्वीटमध्ये दिसत नाहीत हे खरंच, पण ती सरकारी नोंदीतही दिसत नाहीत. मग दोष फक्त मोबाइलचा कसा? उलट पालावरच्या पोराच्या हातात आज स्वस्तातला फोन असतो. उताऱ्यावर नाव यायला त्याला दोन पिढ्या लागतील.

मामा : हा मुद्दा तुझा. पंचनाम्याच्या याद्यांत मी आयुष्य घालवलंय, कोण सुटतं ते मला ठाऊक आहे. पण मग मला एवढंच सांग, दोन आंधळ्या याद्या एकावर एक ठेवल्यानं डोळस यादी कशी होते?

भाची : दोन्ही वेगवेगळ्या जागी आंधळ्या असतील, तर होते. तुमच्या यादीत नसलेला माणूस माझ्या यादीत सापडू शकतो आणि माझ्याकडं न पोचलेली वाडी तुमच्या गाव नकाशात असते. आणि दोन्हींत जे गाव नाही, त्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न.

मामा : तो प्रश्न चिपळूणनं विचारलाय. २२ जुलै २०२१. रात्रीत वाशिष्ठी चढली, सकाळी बाजारपेठ पाण्यात. वीज गेली, मोबाइलची रेंज गेली. ज्या घटकेला बोलायची सर्वांत जास्त गरज, त्याच घटकेला शहर मुकं झालं. तुझी यंत्रणा अशा वेळी काय दाखवते? नकाशावर काहीच ठिपके नाहीत म्हणजे सगळं आलबेल?

भाची : चुकीची बांधली तर तसंच दाखवेल. नीट बांधली तर उलटं दाखवेल. एरवी एखाद्या भागातून दिवसाला किती पोस्ट येतात, याचा अंदाज आधीच असतो. किती टॉवर सुरू आहेत हे मोबाइल कंपन्यांना क्षणाक्षणाला कळत असतं. बोलतं गाव एकदम थांबलं आणि त्याच वेळी वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळतोय, तर ते गाव नकाशावर काळं करायचं. लाल म्हणजे मदत मागितली. काळं म्हणजे आम्हाला माहीत नाही. कोऱ्या जागेला ‘सुरक्षित’ समजायचं नाही, एवढा नियम पाळला तरी निम्मं काम झालं.

मामा : हे आम्ही हातानं करायचो. संध्याकाळी गावांची यादी पुढ्यात घ्यायची आणि निरोप आलेल्या गावावर टिक करायची. टिक नसेल त्या गावाला फोन. नाही लागला तर शेजारच्या गावाला. तिथूनही कळलं नाही तर माणूस धाडायचा. अडचण कुठं होते ते सांगू? वरचे साहेब येतात ते लाल ठिपक्यांचा हिशेब मागतात. लाल ठिपक्यामागं पोस्ट असते, पोस्टमागं बातमी असते. काळ्या ठिपक्याबद्दल जाब विचारणारं कोणी नसतं, म्हणून बोट तिकडं जात नाही. तुझं यंत्र लाल ठिपके आणखी ठसठशीत करेल, याची मला भीती आहे.

भाची : ती भीती रास्त आहे. पण ती पडद्याची मांडणी कशी करायची याबद्दलची आहे. काळी गावं यादीत सगळ्यात वर दाखवता येतात.

मामा : बरं. आता तुझं यंत्र वाचतं काय ते सांग. आमच्याकडं ट्विटरवर आहे कोण? पुढारी, पत्रकार आणि पुण्या-मुंबईला गेलेली पोरं. गाव असतं व्हॉट्सअ‍ॅपवर.

भाची : आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश बाहेरच्या कुणाला वाचता येत नाहीत. येऊही नयेत. म्हणून संशोधन ट्विटरवर जास्त झालं, ते उघडं होतं म्हणून, गाव तिथं होतं म्हणून नव्हे. जे उघडं सापडतं त्यातही श्रद्धांजली, प्रार्थना, राजकीय टोमणे आणि बातम्यांच्या लिंका यांचीच गर्दी. कामाचं थोडं. जे कामाचं, ते रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठीत, प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. यंत्रं शिकली मुख्यतः इंग्रजीवर. मी हे लपवत नाही. म्हणूनच मी म्हणते, दुसऱ्याचं बोलणं दुरून गोळा करण्यापेक्षा माणसाला सरळ विचारावं. जकार्तानं ते केलं.

मामा : ते कसं?

भाची : जकार्तात पूर दरवर्षीचा. ऑस्ट्रेलियातलं वोलोंगाँग विद्यापीठ आणि जकार्ताची आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ‘पेताजकार्ता’ सुरू केलं. शहरातल्या कुणी ट्वीटमध्ये पुराचा उल्लेख केला की त्याला आपोआप उत्तर जायचं. तुमच्याकडं पाणी आलंय का? आलं असेल तर मोबाइलचं लोकेशन चालू करून पुन्हा कळवा. जो पुन्हा कळवेल त्याचीच नोंद नकाशावर. ज्यानं नुसतं सहज लिहिलं होतं, तो तिथंच गळायचा. नकाशा सगळ्यांना खुला, म्हणजे शेजारच्या गल्लीतल्यालाही रस्ता ठरवायला उपयोगी. पुढं त्याचंच ‘पेताबेंचाना’ झालं. त्यात लोकांच्या नोंदी आणि सरकारी कर्मचाऱ्यांनी भागवार भरलेली पाण्याची उंची एकाच नकाशावर दिसते.

मामा : हे मला पटतं. वायरलेसवर आम्ही हेच करायचो, ‘कुठून बोलताय, पुन्हा सांगा’. उलट विचारलं की खोटा माणूस गडबडतो आणि खरा आणखी दोन गोष्टी सांगतो. यातलं चांगलं काय, तर सरकार आधीच तिथं बसलेलं होतं. पाणी आल्यावर धावतपळत उभं केलेलं नव्हतं.

भाची : म्हणून तर मी जूनच्या आधी म्हणते. बांधलेलं संकेतस्थळ कसं वापरायचं हे पुरात शिकवत बसायला वेळ नसतो.

मामा : आता माझा मोठा आक्षेप. तू ज्याला माहिती म्हणतेस, त्याच नळातून आवई येते. केरळच्या त्याच पुरात मुल्लपेरियार धरण आता जाणार, असा खोटा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. आमच्याकडं दर पावसाळ्यात मागच्या पुराचा फोटो यंदाचा म्हणून येतो आणि धरणाचे दरवाजे एवढे फूट उघडले म्हणून रात्री दोनला गाव जागं होतं. हे तरी सौम्य झालं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं? मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मेसेजवर विश्वास ठेवून जमावानं भिक्षा मागायला आलेल्या पाच गोसाव्यांना मारून टाकलं. तिथं आपत्ती डोंगरानं आणली नाही, नदीनं आणली नाही. मेसेजनं आणली. असल्या माध्यमावर शासनाचे निर्णय उभे करायचे?

भाची : राईनपाड्याला जे घडलं ते माध्यमाकडं लक्ष दिल्यामुळं घडलं, की न दिल्यामुळं? त्या अफवा राज्यात आठवडेच्या आठवडे फिरत होत्या. कुठल्या तालुक्यात त्या वाढतायत यावर कुणी नजर ठेवून असतं आणि पोलिसांनी बाजाराच्या दिवशी तिथं जाऊन लाउडस्पीकरवरून खुलासा केला असता, तर? त्या घटनेनंतर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे अफवेचा वेग कमी करता येतो, हे कंपनीनंही मान्य केलं. आणि धरणाच्या अफवेचं म्हणाल, तर ती पोकळीत वाढते. विसर्ग किती, कधी वाढवणार, पाणी आपल्या पुलाला किती तासांनी पोचणार, हे पाटबंधारे खात्यानं तासातासाला सोप्या मराठीत सांगितलं, तर मागच्या वर्षीच्या स्क्रीनशॉटला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

मामा : कायदा आहे की. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, कलम ५४. खोटा इशारा देऊन घबराट पसरवली तर एक वर्षापर्यंत कैद.

भाची : त्या कलमाची मला दुसऱ्या बाजूनं धास्ती वाटते. एखादी बाई रात्री लिहिते, ‘आमच्या गल्लीत पाणी वाढतंय, उठा.’ सकाळपर्यंत पाणी चढतच नाही. ती गुन्हेगार? पुढच्या वेळी ती लिहील का? एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, लोक ऑक्सिजन आणि बेडसाठी ट्विटरवर हात जोडत होते, तेव्हा काही ठिकाणी अशा माणसांवरच कारवाईची भाषा झाली. ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की आपलं गाऱ्हाणं समाजमाध्यमावर मांडणाऱ्या नागरिकाची मुस्कटदाबी केली तर तो न्यायालयाचा अवमान समजू. माझ्या मते आपत्ती व्यवस्थापनाच्या दृष्टीनंही तो फार महत्त्वाचा आदेश होता. लोक घाबरून गप्प बसले तर तुमचा नकाशा आणखी काळा होणार.

मामा : गाऱ्हाणं मांडणारा आणि आवई उठवणारा यांत फरक करायला रात्री दोनला वेळ कुणाला असतो?

भाची : म्हणून तो फरक पोलिसांनी करायचा नाही, पडताळणीनं करायचा. आधी खरं आहे का बघा. मग वाटलं तर नोटीस काढा.

मामा : बरं, पडताळणी केली समज. पण हा नळ कुणाच्या मालकीचा? नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर सरकारचा आहे. बंद पडला तर मी कुणाची तरी मान धरू शकतो. ट्विटरची कुणाची धरू?

भाची : इथं तुम्ही माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. २ फेब्रुवारी २०२३ ला ट्विटरनं जाहीर केलं, की प्रोग्रॅममधून डेटा घेण्याची मोफत सोय आठवड्यात बंद होणार. चारच दिवसांत, ६ तारखेला, तुर्कीत ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसं पत्ता लिहून पोस्ट टाकत होती आणि तिथले प्रोग्रॅमर त्या पोस्टमधून पत्ते काढून शोधपथकांसाठी नकाशे तयार करत होते. तेच दार बंद व्हायच्या बेतात. आरडाओरडा झाला, मुदत पुढं ढकलली गेली. आणि ८ तारखेला तुर्कीतच ट्विटर कित्येक तास अडवलं गेलं. लोक सरकारवर टीका करत होते, चुकीची माहितीही फिरत होती. पण त्या तासांत ढिगाऱ्याखाली कोणी मोबाइल हातात धरून बसलं असेल, तर त्याची हाक कुठं गेली असेल?

मामा : मग? एका हाताला कंपनी, दुसऱ्या हाताला सरकार. दोघांपैकी कोणीही कळ दाबली की तुझी यंत्रणा आंधळी. आणि तू माझा पाटील काढायला निघालीस.

भाची : पाटील काढा असं मी कधी म्हणाले? उलट हे उदाहरण मीच देते, एका नळावर कधीच विसंबू नका म्हणून. २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा खरं काम सोशल मीडियानं कमी आणि साध्या एसएमएसनं जास्त केलं. ४६३६ या नंबरवर लोकांनी निरोप पाठवले, परदेशातल्या हैतीच्या माणसांनी ते क्रेओलमधून इंग्रजीत केले आणि मग ते नकाशावर गेले. आपल्याकडंही सोशल मीडिया, एसएमएस, १०७७, पाटील, पट्टी या पाचांना एकाच टेबलावर आणायचं. एक बंद पडला तर चार उरतात.

मामा : आणखी एक. त्या पोस्टमध्ये माणसाचा नंबर, पत्ता, घरात एकटी बाई, आजारी म्हातारा, सगळं उघडं असतं. पूर ओसरल्यावर ते जातं कुठं?

भाची : कुठं जात नाही, हाच त्रास. २०२१ ला ऑक्सिजनसाठी नंबर दिलेल्या बायकांना नंतर नको ते फोन आणि मेसेज आले. सिलिंडर देतो म्हणून पैसे उकळणारेही त्याच पोस्टवरून आले. कायद्याचं म्हणाल, तर डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ माणसानं स्वतः जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही आणि आपत्तीत मदत पोचवण्यासाठी माहिती वापरायला संमतीची अट नाही. म्हणजे कायद्यानं आम्हाला मोकळीक दिलीय. म्हणूनच बंधन आम्ही स्वतः घालून घ्यायला हवं. सार्वजनिक नकाशावर फक्त परिसर दाखवायचा. नंबर फक्त बोटीवरच्या पथकाला. नोंद बंद झाली की ठरलेल्या मुदतीत नंबर पुसायचा.

मामा : आता मूळ गोष्टीवर येतो. तू दिवसभर माहितीबद्दल बोललीस. मी निर्णयाबद्दल बोलतोय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला काय झालं, तुला माहीत आहे. पाण्यातून बाहेर पडायची घाई, बोटीत पेलवतील त्याहून जास्त माणसं, बोट उलटली. माणसं अडकलीत ही माहिती तिथं सगळ्यांनाच होती. कमी होत्या त्या बोटी आणि बोटीत किती चढवायची हे ठामपणे सांगणारा माणूस. नकाशावर दोनशे ठिपके आले म्हणून बोटी दोनशे होत नाहीत. उलट, दोनशे ठिपके बघून घाबरलेला अधिकारी बोट लवकर सोडतो, जास्त भरून सोडतो.

भाची : बोटी कमी असतात म्हणूनच ठिपके हवेत. बोटी भरपूर असत्या तर प्रत्येक गल्लीत एक पाठवली असती, कुठं आधी हे ठरवायचा प्रश्नच आला नसता.

मामा : मग ठरव. समज, तुझ्याकडं दोन बोटी आहेत. शहरातल्या एका कॉलनीतून शंभर पोस्ट, छतावर चाळीस माणसं, फोटोसकट, पडताळून झालेलं. आणि नदीच्या वळणावरच्या एका वाडीतून कालपासून काहीच नाही. फोन लागत नाही, टॉवर बंद. बोल.

भाची : तुम्ही आधी सांगा.

मामा : पहिली बोट कॉलनीत. चाळीस माणसं डोळ्यांना दिसतायत, त्यांना सोडून कुठं जाणार? दुसरी वाडीत. दुसऱ्या क्रमांकाच्या आवाजाकडं नाही. जिथून आवाजच नाही तिकडं.

भाची : मी दोन्ही कॉलनीत पाठवीन. चाळीस माणसं नक्की आहेत. वाडी कदाचित कालच रिकामी झाली असेल, शेजारच्या गावात शाळेत असेल. त्यासाठी निम्मं बळ काढून घेणं मला जमणार नाही. वाडीसाठी मी ड्रोन मागेन, शेजारच्या गावातल्या ग्रुपवर विचारेन, मासे धरणाऱ्या एखाद्याची होडी मिळते का बघेन.

मामा : रात्री दोनला ड्रोन, पावसात?

भाची : नाही उडणार. तरी माझं उत्तर तेच राहील.

मामा : म्हणजे एवढी सगळी माहिती दोघांच्याही पुढ्यात एकसारखी असून आपली उत्तरं वेगळी आली. हेच मी सकाळपासून सांगतोय. तुझं यंत्र हे ठरवू शकत नाही.

भाची : ठरवू नयेच. पण त्याच्यामुळं आपण नेमके कशावर भांडतोय ते स्पष्ट झालं. वाडी गप्प आहे हे यंत्रणेशिवाय आपल्याला परवा कळलं असतं.

मामा : ते खरं. मग तुझी यंत्रणा बसव. माझी अट एकच. १०७७ वर फोन आला की नोंदवहीत वेळ, नाव, गाव आणि आपण काय केलं हे लिहावं लागतं, खाली सही करावी लागते. तुझ्या पडद्यावरून निघालेल्या प्रत्येक बोटीची तशीच नोंद हवी. ‘सिस्टीमनं दाखवलं’ हे कारण मला त्या वहीत चालणार नाही. तू दोन्ही बोटी कॉलनीत पाठवल्यास, तर तसं लिही आणि सही कर.

भाची : करीन. पण सहीच्या वर वेळ घालीन आणि त्या वेळी कुठल्या गावाबद्दल आपल्याला काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, तेही लिहीन. चौकशी झाली तर मी बोट कुठं पाठवली एवढंच विचारू नका. ती वाडी काळी का होती आणि तिथं पोचायला तिसरी बोट का नव्हती, याचंही उत्तर कुणाकडून तरी घ्या.